वजनाआधीचं पाणी

सर, छावणीतलं तुमचं वेटलिफ्टिंगचं पत्र्याचं शेड पाडलं. परवा तिकडून गेले तर तिथं मोबाईलचं दुकान, आणि आत कान किटतील अशी गाणी. थांबले नाही. पण तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि बोलायचं ते एकच, जे तुम्ही होतात तोवर बोलले नाही. कोल्हापूरला माझं वजन जास्त भरलं, त्यात तुमच्या काट्याचा काही दोष नव्हता. मी पाणी प्यायले होते.

तो दुष्काळ आठवतो ना? बजाजनगरात आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा टँकर, तोही गढूळ. तुम्ही कंपनीतली पहिली पाळी करून, तेलकट शर्टावरच शेडमध्ये यायचात, आणि मी बार उचलला की म्हणायचात, "घागरी उचलून आलेली पोरगी हाय ही, हिला काय शिकवायचं?" मला लई बरं वाटायचं. मग राज्य स्पर्धेसाठी कोल्हापूरला नेलंत. वजनगटात बसायचं तर आदल्या संध्याकाळपासून घोटभरही पाणी नाही, असं दहादा बजावलंत. सकाळी मी तोंड धुवायला गेले, नळ सोडला, तर पाणी धो धो यायला लागलं. स्वच्छ, गार. असा नळ मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. ओंजळीमागून ओंजळ प्यायले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त. एका तासात उतरवायचे, नाहीतर घरी जा. तुम्ही मला दोन स्वेटर घालून मैदानात पळवताय, थुंकायला लावताय, घड्याळ बघताय. तरी थोडं राहतंच. शेवटी कुठून तरी कात्री मागून आणता. माझी वेणी कंबरेपर्यंत. "बाळ, मन घट्ट कर," म्हणता, आणि वेणी मुठीत धरता. वेणी गेली, वजन बसलं, सुवर्णपदक मिळालं. पुढं राष्ट्रीय स्पर्धा, पोलिसातली नोकरी, सगळं त्या दिवसामागून आलं.

आईनं पदकाकडं बघितलंसुद्धा नाही. दारातच तुम्हाला धरलं. "पोरीच्या केसाला हात लावायचा हक्क कुणी दिला तुम्हाला? आता हिला कोण करून घेईल?" तुम्ही मान खाली घालून उभे. "चुकलं, ताई. आमच्या शेडचा काटाच खोटा निघाला." मी तुमच्या मागं उभी होते आणि तोंड उघडलं नाही. त्यानंतर आईनं तुम्हाला उंबरा ओलांडू दिला नाही. माझ्या लग्नालाही बोलावू दिलं नाही. त्या दिवशी मी सारखी मांडवाच्या दाराकडं बघत होते. अक्षता टाकायला तुम्ही हवे होतात.

आता मी स्वतः पोरींना शिकवते. सकाळच्या सकाळी वाढलेलं वजन कशाचं असतं, हे मला पोरीच्या तोंडाकडं बघूनच कळतं. मग तुम्हाला कळलं नसेल? आणि तो खोटा काटा! तो तर तुम्ही पुढं कितीतरी वर्षं वापरलात, दुरुस्तीलाही नेला नाहीत. एवढा उजेड माझ्या डोक्यात पडायला तुम्हाला जावं लागलं. तुम्हाला माहीत होतं, सर. माझ्यावर यायला नको म्हणून अंगावर घेतलंत आणि एका शब्दानं मला विचारलं नाहीत. फार वाटतं, एकदा यावं तुम्ही, कान धरावा, "पाणी प्यायलीस ना गं?" म्हणावं, आणि मी रडून मोकळं व्हावं.

आई आता माझ्याकडंच असते. माझे केस विंचरायला बसली की अजून म्हणते, "त्या माणसानं वाटोळं केलं बघ." मी ऐकून घेते. आत्ता पलंगावरून तिनं विचारलं, "कुणाला लिहायलीस गं एवढं?"

"कुणाला नाय," मी म्हटलं, आणि कागद पालथा घातला.