डांबरानं बंद केलेलं तोंड

आप्पा,

आज बाहेरच्या भिंतीवरची तुमची केबल काढली. पाऊस झाला की कपडे वाळत घालायच्या तारेला हात लावताच आईला झिणझिण्या येतात, हे तिनं मला दोन पावसाळे सांगितलं नाही. काल शेजारच्या काकूंनी सांगितलं, तर ती त्यांच्यावरच उखडली. "ह्ये गेले, पर ही त्यांच्या हातची वायर हाय. मी काठीनं कपडे काढते, माझं काय अडत न्हाई." सकाळी शिरूरला जाऊन पाईप, क्लिपा आणि झाकणाचा डबा आणला, मेन बंद केला आणि शिडीवर चढले.

केबल तुम्ही शेतातल्या जुन्या काळ्या पाईपात ओवली होतीत. काळा पाईप उन्हात टिकतो, हे मान्य. पण त्याला ठिबकसाठी पाडलेली भोकं वरच्या टोकाला तशीच, आणि पत्र्यावरचं पाणी बरोबर त्यांच्यावर पडतं. दोन वायरींचा जोड सगळ्यात खाली. आणि खालचं तोंड डांबर ओतून बंद, मुंग्या जाऊ नयेत म्हणून! आत आलेल्या पाण्यानं जायचं कुठं? डांबर खरवडलं तर पेलाभर पाणी माझ्या बाहीत उतरलं. तारेची लोखंडी खुंटी तिथून वीतभर; ओल्या भिंतीतून करंट तिथंच उतरायचा. दौंडला कामावर माझ्या हाताखालच्या कुणा वायरमननं असा जोड केला असता तर त्याला मी सगळं काम पुन्हा करायला लावलं असतं. तुम्हीही तेच करायचात. कांद्याची पोती शिवताना माझा टाका ढिला पडला की शांतपणे म्हणायचात, "उसव. पुन्हा घाल." एकदा तीन पोती उसवायला लावलीत. मी रडतेय, आणि तुम्ही सुतळी ओवून देताय.

आता नवा पाईप लावलाय. जोड डब्यात, भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं, आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोल दिलाय, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतात. पाईपचं खालचं तोंड उघडं. आई खालून बघत होती. "लई कडक हायेस. त्यांच्यावरच गेलीस."

नाही गेले. तुम्ही हा पाईप लावलात तेव्हा मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला आले होते. हाताचं डांबर रॉकेलनं पुसत तुम्ही विचारलंत, "कसं झालंय? आता तुला कळतं त्यातलं." डांबर दिसत होतं. पाणी आत साठणार हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही मला पहिल्यांदाच काही विचारत होतात. मी म्हणाले, "चांगलं झालंय."

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. संध्याकाळी आईनं विचारलं, बिघाड कशामुळं झाला. मी म्हणाले, आप्पांचं चुकलं होतं. एवढंच सांगितलं.