एका तलावाचे दोन लेखक

३ नोव्हेंबर १९५७, सकाळ
आजपासून गावच्या तलावाचा इतिहास लिहिणार. लेखक मी. बायकोला, म्हणजे गोकुळेला, असिस्टंट नेमलं. ती म्हणाली, नाव दोघांचं टाका, नाहीतर एकट्याने लिहा. मोठ्या मनाने कबूल केलं. दोन दिवसांत कंटाळेल.

१९ नोव्हेंबर
कंटाळली नाही. रोज तलावावर जाते, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायकांशी बोलते, वह्या भरते. मी अजून गेलो नाही. सर्दी आहे. डोमा ढिवर म्हणे सांगतो, तलाव त्याच्या आजा-पणजाने खोदला. राजा नाही, लढाई नाही, नुसत्या मातीच्या टोपल्या! असलं पुस्तक कोण वाचेल? असं तोंडावर म्हटलं, तर बयेने माझं पहिलं प्रकरण चुलीत घातलं.

२ डिसेंबर
बोलणं बंद. निरोप वहीच्या मार्जिनमध्ये. तिचा आजचा: ‘तुमी एक दिवस तरी तलावावर गेले का?’ माझा: ‘अक्षर सुधार.’ पॉइंट माझा.

१४ डिसेंबर
मालगुजारसाहेबांनी चहाला बोलावलं. मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी, कायद्याने गेली, पण रुबाब तोच. मला विद्वान म्हणाले. तलाव त्यांच्या आज्याने बांधला म्हणे. माणूस खानदानी, खोटं कशाला बोलेल?

५ जानेवारी १९५८
छापखान्यातून प्रुफं आली. गोकुळा माहेरी, वडशाला. बरं झालं. तिने लिहिलेलं डोमाचं पान काढून मालगुजारांचा आजा घातला. किरकोळ एडिटिंग.

२० फेब्रुवारी
पुस्तक आलं! नावं दोन, माझं वर. मालगुजारसाहेबांनी गठ्ठाच उचलला. हिने कव्हरवरचं आपलं नाव बोट फिरवत वाचलं आणि प्रत ट्रंकेत ठेवली. आत बघितलं नाही. विश्वास आहे माझ्यावर.

११ मार्च
मालगुजारांनी पुस्तक तहसिलीत दाखवलं: तलाव आमचा, मासेही आमचे. ढिवरांची जाळी बंद. यात माझा काय दोष? डोमाची सून कुंता दारात येऊन गोकुळेला म्हणाली, “बाई, आमी तुमाले सारं सांगतलं. अन् तुमी हे काऊन लिवलं?”
हिने ट्रंकेतून प्रत काढली. ते पान वाचलं. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “माह्यं नाव मीच खोडतो.”

१२ मार्च, दुपार
घरातल्या सगळ्या प्रतींवर तिचं नाव शाईने खोडलेलं. वह्या घेऊन कुंतासोबत तहसिलीत गेली, माझ्याविरुद्ध सांगायला. जाऊ दे. शेवटी पुस्तक माझं एकट्याचं झालं.

संध्याकाळी पाच
तहसिलीतून शिपाई आला. उद्या सकाळी लेखकाने पुराव्यानिशी हजर राहावं.