फुली नसलेली फळी

७ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

कामाशिवाय आमच्या पाचरीला मामा आठवत नाही, असं तुम्ही पाकीट फोडतानाच म्हणाला असाल. खरंच काम आहे. तायक्वांदोच्या काळ्या पट्ट्याची परीक्षा मी पुन्हा देणार आहे.

मागच्या वेळी सगळं नीट झालं, फक्त फळी फुटली नाही. फळीत गाठ होती असं मी सगळ्यांना सांगत फिरले, पण तुम्हाला खरं सांगते, शेवटच्या क्षणी भीती वाटली, लाथ अर्धवट बसली आणि मी पाय मागे घेतला. या वेळी घेणार नाही. रोज प्रयोगशाळेतून सुटले की अंधार पडेपर्यंत लाथांचा सराव चालू आहे.

आमच्याकडे फळी ज्याची त्याने आणायची असते. फूटभर लांब-रुंद, पाऊण इंच जाड, पाइनची. दोन करून पाठवाल? पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल अशा पट्ट्यांत सहा वर्षं गेली. पोरीवर पॉलिशचे हात चाललेत म्हणून तुम्ही चिडवायचात ना? आता शेवटचा हात राहिलाय.

मामीला नमस्कार. माया आहेच, सोबत फळ्याही असाव्यात.
तुमची,
पाचर

२० जानेवारी

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

फळ्या पाठवल्या आहेत. तुझी आई दारात उभी राहून ऐकवून गेली, की शिकलीसवरलेली मुलगी लाकडाला लाथा मारते आणि हा शहाणा तिला लाकूड पुरवतो. मी मान खाली घालून रंधा मारत राहिलो. वर्गात शिरताना तू वाकून नमस्कार करतेस म्हणे. घरी आलीस की तसा एक आईलाही कर, ती गार पडेल.

एका फळीवर पेन्सिलीने फुली केली आहे. परीक्षेत तीच पुढे कर. का ते विचारू नकोस, लाकडातलं सुताराला जास्त कळतं. मागच्या वेळी तुझ्या सुजलेल्या पायात माझी चप्पलसुद्धा शिरत नव्हती, ते मी विसरलेलो नाही.

जप. मामाची आठवण कामाविनाही येऊ दे.
तुझा,
मामा

१६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पहिल्याच लाथेला फळी फुटली. टाळ्या पडल्या, आमच्या बाईंनी काळा पट्टा हातात ठेवला. आठवण म्हणून अर्धा तुकडा मी खोलीवर आणला आणि खाटेवर बसून सहज फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मागच्या बाजूने निम्मी कड सरळ, गुळगुळीत. करवतीचा काप, सरसात कालवलेल्या भुशाने बुजवलेला. वरून रंधाही फिरवलेला. मामा, सुट्ट्या तुमच्या कारखान्यात काढलेल्या मुलीला हे ओळखू येणार नाही असं कसं वाटलं तुम्हाला?

रोज सराव सुरू करताना आम्ही पाच गोष्टी म्हणतो: सौजन्य, सचोटी, चिकाटी, संयम आणि न खचणारं मन. दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या शब्दापुढे जाता येईना. मी पट्टा आणि तो तुकडा बाईंपुढे ठेवला. कुणी केलं ते विचारल्यावर घरचं माणूस एवढंच सांगितलं. त्यांनी पट्टा परत घेतला आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

मला तुमचा राग आलाय, खूप आलाय. माझ्याने होणार नाही असं तुम्हाला वाटलं, हेच जास्त लागलं. तरी पुढची फळी तुम्हीच करायची. दुसऱ्या कुणाची मी घेणार नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
पाचर

२ मार्च

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस हत्याराला हात लावला नाही. तुझ्याने होणार नाही असं मला वाटलं नव्हतं, पोरी. तुझा सुजलेला पाय डोळ्यांपुढून जात नव्हता. पण तुझ्या लेखी दोन्ही एकच, हे मला उशिरा कळलं. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगतोय, की माझ्या पॉलिशखाली बुजवलेलं काही सापडणार नाही. आणि बुजवलं ते नेमकं तुझ्या फळीत. मी चुकलो.

घरचं माणूस म्हणजे मीच, असं बाईंना वेगळ्या पत्राने कळवलं आहे.

फळी पाठवतोय. या वेळी एकच. दुसरी करायला घेतली होती, मग ठेवून दिली. फुली केलेली नाही.

राग जाईल तेव्हा जाईल, पत्र मात्र लिहीत जा.
तुझा,
मामा

१९ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काल परीक्षा झाली. दोनदाच लाथ मारता येते. पहिलीला फळी हललीसुद्धा नाही आणि घोट्यातून कळ थेट डोक्यात गेली. पुन्हा तीच भीती वाटली. या वेळी मी पाय मागे घेतला नाही.

अर्धा तुकडा सोबत पाठवते आहे. बाईंनी पट्टा दिलाय, पण त्याची घडी मी मोडलेली नाही. आधी तुम्ही तुकडा पारखा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी लालच बांधणार. पाय सुजलाय, पण चप्पल जाते.

राग गेला. माया होती तशीच असू द्या.
तुमची,
पाचर

२७ मे

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुकडा खिडकीत नेला, चष्मा पुसला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कड पाहिली. सगळी वेडीवाकडी फाटलेली आहे, रेष न् रेष ताणून तुटलेली. माझा हात कुठेच नाही.

बोट फिरवताना मोठं कुसळ गेलं. मामी सुई घेऊन मागे लागली आहे, तिला म्हटलं, आधी पत्र लिहून होऊ दे.

पट्टा बांध.

तुझा,
मामा