स्वयंपाकघराच्या पूर्व भिंतीबाबत

मी, मेक्की लहलू, वय वर्षे एक्याऐंशी, व्यवसाय वास्तुविशारद, राहणार ओआसिस वस्ती, कासाब्लांका, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत असला तरी रेघ अजून सरळ येते, आणि या लिखाणासाठी माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. पत्नी तुरिया मागच्या रमजानच्या आधी गेली. ती असती तर जबरदस्ती नक्की केली असती आणि हा कागद बरा उतरला असता. अल्लाह एक आहे, मरण खरे आहे, हे मी मानतो.

१. शरियतीच्या नियमाने मालमत्तेचे दोन तृतीयांश वारसांचे. त्यात मला बोट घालता येत नाही. मुलगी नजातने आईचे सगळे केले आणि मुलगा तौफिक माँट्रियलहून फोन करत राहिला, तरी त्याला तिच्या दुप्पट मिळेल. उरलेला तिसरा हिस्सा वारसांबाहेरच्या कोणालाही देण्याची मुभा आहे. हा सगळा कागद त्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे.

२. राहते घर मी १९७९ साली बांधले. पांढरे, नक्षी नसलेले, बाहेर काढलेल्या गोल जिन्याचे. त्या जिन्याचे फोटो पॅरिसच्या मासिकात आले होते. हल्ली आधुनिक घर म्हणजे जिकडेतिकडे काच. आठवड्याभरात त्या काचांवर पडदे चढतात. दिवाणखान्यातच उघडे स्वयंपाकघर काढतात. तिथे एकदा सार्डिन तळून दाखवा म्हणावे, ईदपर्यंत गाद्यांना वास येईल. माझ्या घरात असला आचरटपणा नाही. माझ्या घराची चूक वेगळी आहे, ती पुढे येईल.

३. नकाशाचे टेबल, पेन आणि पितळी कंपास कार्यालयातील नकाशाकार सादिया हिला द्यावेत. माझ्या रेघा ती गुपचूप दुरुस्त करायची, हे मला माहीत होते.

४. आता बशीर तझी. दातांचा निवृत्त डॉक्टर, शाळेपासूनचा मित्र, समोरचा शेजारी. त्याचेही घर मीच बांधले आणि त्याने ते नासवले. व्हरांडा बंद केला, छताला देवदाराची रंगीत नक्षी ठोकली, चारी भिंतींना गाद्या लावल्या. आणि सगळी वस्ती तिथेच जाऊन बसते! तुरियाही अदबीचे 'सी' लावून म्हणायची, "सी मेक्की, त्यांच्याकडे पाठ टेकते हो. आपल्याकडे पाहुण्यासारखं ताठ बसावं लागतं, आणि घर म्हणे आपलं."

मी बशीरवर जळतो. मोघम लिहिण्याचे वय गेले, म्हणून स्पष्ट लिहितो. १९८४ साली त्याची बायको वारली आणि तेव्हापासून मी जास्त जळतो.

५. बशीरला विमाने आणि जहाजे जुळवण्याचा नाद आहे. प्लास्टिकचे सुटे भाग, क्रमांक, डिंक, चिमटे. मी त्याला म्हणायचो, "दुसऱ्याच्या अकलेचे तुकडे चिकटवतोस, त्यात तुझं काय?" तो म्हणायचा, "मेक्की, सांगितलेलं ऐकायलाही अक्कल लागते."

मीही एकदा मारिफ भागातल्या दुकानातून लपूनछपून एक जहाज आणले. डिंकाने त्याच्या खिडक्या पांढुरक्या झाल्या आणि माझी दोन बोटे एकमेकांना चिकटली. ते अर्धे जहाज माळ्यावरच्या हिरव्या पेटीत आहे. ते बशीरला द्यावे. त्याने हसू नये, आणि हसलाच तर एकट्याने हसावे.

६. कलम २ मध्ये सांगायचे राहिले ते पूर्व भिंतीविषयी. स्वयंपाकघराची पूर्व भिंत सलग आहे. तुरियाने तिथे दोनदा खिडकी मागितली. पहिल्यांदा नकाशावर. तेव्हा मी नाही म्हटले ते भिंतीसाठी, कारण सलग पांढरी भिंत मला सुंदर दिसत होती. दुसऱ्यांदा तिने मागितली १९८५ मध्ये. त्या भिंतीपलीकडे बशीरचे फाटक आहे आणि बशीर नुकता विधुर झालेला. तेव्हा मी नाही म्हटले ते बशीरसाठी.

ती म्हणाली, "बरं, राहिलं. मग निदान गल्लीच्या वळणावर हॉर्न तरी वाजवत जा."

माझ्या मनाने लगेच खाल्ले. हिला आधी सूचना कशाला हवी? त्या दिवसापासून मी वळणावर इंजिन बंद करायचो आणि उतारावरून गाडी आवाज न करता दारापर्यंत आणायचो. छत्तीस वर्षे आणली. घरात कधीच कोणी सापडले नाही. चहा मात्र नेहमी उशिरा मिळायचा आणि त्यावरूनही मी बोलायचो.

७. २०१० मध्ये तुरियाचे खुब्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा बशीरने उरल्यासुरल्या सुट्या भागांतून आमच्या घराचे मॉडेल करून तिला दिले. एकास बहात्तर प्रमाणात, बिनचूक, पण पूर्व भिंतीत खिडकी! विमानाच्या पारदर्शक टपाची काच कापून बसवलेली. खाली पाटावर आमची गल्ली आणि वळणावर माझ्यासारखीच हिरवी गाडी. मला ती थट्टा वाटली. मी विचारले, "ही खिडकी तुला कुणी सांगितली?"

"तिनंच. काय बदलू, म्हणून मी विचारलं. तू कधी विचारलंस?"

मी मॉडेल कपाटावर टाकले. तिने ते उतरवून ओट्यावर ठेवले. ती जाईपर्यंत ते तिथेच होते.

८. (हे कलम मी खोडत आहे. यात लिहिले होते की माझ्यामागे मॉडेलवरून माप घेऊन, अठरा बाय बारा मिलिमीटर गुणिले बहात्तर, पूर्व भिंतीत ती खिडकी पाडावी. मंगळवारी गवंडी बोलावून मीच पाडून घेतली.)

धूळ बसल्यावर मी ओट्यापाशी उभा राहिलो. त्या घरात त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बशीरचे फाटक तिथून दिसतच नाही. मधे माझाच गोल जिना येतो. दोन्ही घरांचे नकाशे मी काढले आणि एवढे मला कळले नाही. तिथून दिसते ते फक्त गल्लीचे वळण. तिथे गाडी वळली की दारात येईपर्यंत चहात पुदिना पडू शकतो.

मी बशीरला हाक मारून दाखवले. म्हटले, "तुला हे ठाऊक होतं?"

तो म्हणाला, "गाडी चिकटवली होती ना मी तिथं, गाढवा."

मी अजूनही जळतो. जे तिने मला सांगायचे ते त्याला सांगितले. पण तिला विचारले त्यानेच.

९. म्हणून माझा तिसरा हिस्सा बशीर तझीला, आणि तो आधी गेल्यास सादियाला. त्यांच्या सहीशिवाय हे घर विकता येणार नाही आणि ती खिडकी बुजवता येणार नाही. तुरियाच्या मागे मॉडेलमध्ये माझा जो वाटा आला तोही बशीरलाच. दातवाल्याने नक्षी मात्र लावू नये.

१०. मला तुरियाशेजारी पुरावे. जागा घेतलेली आहे. कब्रस्तानाच्या फाटकातून आत गेल्यावर तिच्या ओळीआधी एक वळण लागते. तिथे मैतगाडीच्या चालकाने एकदा हॉर्न वाजवावा. हा दस्त नोंदवणारे अदूल साहेब म्हणाले, "सी मेक्की, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "बसवा." आवाज मोठा असावा. इंजिन बंद करू नये.

ठिकाण : कासाब्लांका
दिनांक : १७ मार्च २०२२

सही : मेक्की लहलू

समक्ष, वाचून दाखवून, कबूल करून घेतले :
अदूल अब्देसलाम मेझ्यान (सही)
अदूल हम्माद उर्याग्ली (सही)