जाळ्यातला माझा तुकडा

प्रिय बाबा,

तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं. लिहिलं असतं तर ते वासूने वाचून दाखवलं असतं, आणि माझं मन वासूच्या तोंडून तुझ्या कानावर जावं हे मला मंजूर नव्हतं. आता तू नाहीस. काल तुझं तेरावं झालं आणि आज दुपारी मी वासूला मारलं. माझ्या थोरल्या भावाला, तुझ्याच दारापुढच्या खळ्यात, तोंडातून रक्त येईपर्यंत. हे तुला सांगितल्याशिवाय मला अन्न जाणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

विजयदुर्गाहून आपलं देवबाग काही परदेशात नाही. तरी मला यायला अकरा वर्षं लागली. विजयदुर्गाच्या बंदरावर मी लोकांची शिडं शिवली, त्यांची जाळी विणली. होडीवर मला कुणी घेतलं नाही, कारण डावा हात खांद्याच्या वर जात नाही. कुणी विचारलं तर माडावरून पडलो म्हणून सांगायचो. तुला वाचवत होतो की स्वतःला, देव जाणे.

ती सकाळ तुला आठवत होती का रे? किनाऱ्याजवळचं पाणी काळवंडलं होतं, बांगड्याचा थवाच्या थवा आत शिरला होता. खालच्या वाडीच्या माणसांनी रापणीचं जाळं घेऊन होडी घातली आणि ओढायच्या दोरीचं टोक वाळूत आणलंसुद्धा. आपली होडी अजून आपण ढकलतच होतो. ज्याची दोरी आधी वाळूत, मासा त्याचा. हा नियम मला कुणी शिकवला? तूच ना? आणि तूच, आपल्या रापणीचा तांडेल, सगळ्यांचा म्होरक्या, माझ्या हातात कोयता देऊन म्हणालास की जा, त्यांची दोरी तोड.

दोन्ही वाड्यांची माणसं बघत होती. मी कोयता वाळूत टाकला आणि म्हटलं, "बाबा, आधी तेंनी टाकली. मी बगलंय."

एवढंच बोललो मी. एकोणीस वर्षांचा होतो.

तू वल्हं उचललंस. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा खांद्यावर, आणि हाड मोडल्याचा आवाज माझ्या आधी लोकांनी ऐकला. मी पळायला बघितलं तर तू वासूला ओरडलास, "धर रे तेका." आणि वासूने धरलं. माझे दोन्ही पाय धरून तो वाळूवर बसला, मान खाली घालून, आणि तू मारत राहिलास. किती, ते मी मोजलं नाही. खालच्या वाडीची माणसंच शेवटी मध्ये पडली. ज्यांच्यासाठी मी मार खाल्ला त्यांना माझी दया आली, आणि आपल्या माणसांतला एकही हलला नाही.

पण हाडाचं मला एवढं नव्हतं. हाड वैद्याने बांधलं, वाकडं का होईना जुळलं. तू त्यानंतर काय केलंस? रापणीचं जाळं सगळ्यांचं, घरातल्या एकेका कर्त्या पुरुषाचा एकेक तुकडा त्यात जोडलेला. ज्याचा तुकडा आहे तो गावचा, ज्याचा नाही तो परका. माझा तुकडा आयेने विणला होता, दोन पावसाळे दारात बसून, बोटांना चिरा पडेपर्यंत. तू सुरी घेऊन तो जाळ्यातून कापलास. मासा सोडवावा तसा सहज कापलास आणि समुद्रात फेकलास. "हो माझो झील न्हय," म्हणालास.

आये पाण्यात शिरली होती तो आणायला. गुडघ्यापर्यंत गेली आणि तू तिला केसांना धरून बाहेर काढलंस. ती वारली तेव्हा मला निरोपसुद्धा धाडला नाहीस, बाबा. सहा महिन्यांनी एका खलाशाकडून कळलं. हे मी कुठे ठेवू?

असा माणूस पूर्ण वाईट असता तर बरं झालं असतं. पण मी लहानपणी तापाने फणफणलो तेव्हा देवबागपासून मालवणपर्यंत वाळूतून मला खांद्यावर घेऊन तूच चालला होतास. पुळणीवर तुझे पाय पोळून निघाले आणि तू मला मात्र कोकणीतली कसली तरी खुळी गाणी म्हणून हसवत होतास. तोच खांदा, तेच हात. मला तुझा धड रागही करता येत नाही!

तर आता आजचं सांगतो.

तांडेल गेला की तेरा दिवस जाळं वाळूवर. उद्या ते परत पाण्यात जायचं, म्हणून आज रापणीची माणसं आपल्या खळ्यात शिवायला बसली होती. मी विजयदुर्गात विणलेला तुकडा बरोबर आणलाय, सुताचा, या नव्या नायलॉनचा नव्हे. तो वासूपुढे ठेवला आणि म्हटलं, एवढा जोडून घे. माशांत वाटा नको, नुसता जोडून घे.

वासूने मान वर केली नाही. तो पिकलाय आता, तुझ्यासारखाच दिसतो. म्हणाला, "तू भायरचो. तेराव्याक जेवलंस मा? आता जा."

बाबा, मला दिसेनासं झालं. पाय धरून बसलेला वासूच दिसत होता फक्त. चांगल्या हाताने मी त्याला मारलं. तो पडला, तर छातीवर बसून मारलं. त्याची बायको किंचाळत होती. दोघांनी मला मागे ओढलं तेव्हा माझ्या तोंडून शिव्या येत होत्या, आणि त्या शिव्या तुझ्या होत्या, त्याच क्रमाने.

वासू उठून बसला. ओठ फुटला होता, एक दात हलत होता. आणि तो हसला रे. सगळ्यांकडे बघून म्हणाला, "आता बापाशीचो झील इलो. जोडा तेचो तुकडो."

म्हातारे माना डोलवायला लागले. एकजण म्हणाला की हात तांडेलाचाच आहे, संशय नको. आणि त्यांनी सुई घेतली, माझा तुकडा शिवायला लागले. एकदा खरं बोललो म्हणून अकरा वर्षं परका होतो. भावाचं तोंड फोडलं आणि अर्ध्या घटकेत गावचा झालो.

लाज कशाची वाटते सांगू? मला आनंद झाला. पोटातून आनंद झाला. तेवढ्यात वहिनी दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त म्हणाली, "हात धुवन येवा, भावजी. मगे वाढतंय."

विहिरीवर गेलो, हातांवरचं वासूचं रक्त धुतलं, आणि परत येऊन म्हाताऱ्यांच्या हातातली सुई थांबवली. घातलेले टाके उसवायला लावले. आता सगळे मला खुळा म्हणतायत. वासू तर जास्तच चिडलाय.

मी तुला माफ केलेलं नाही, आणि करीन असंही खोटं सांगत नाही. पण एक वचन देतो. मी इथून जाणार नाही. उद्या सकाळी पुळणीवर जाऊन दोरीच्या शेवटच्या टोकाला उभा राहीन आणि एका हाताने जेवढी ओढवेल तेवढी ओढीन. वासूचा ओठ बरा झाला की त्याला परत विचारीन, जोडतोस का. तो नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन, पुन्हा विचारीन. त्याने मला मारलं तरी हा हात उचलणार नाही, बाबा. मी न मारता तो मला भाऊ म्हणेपर्यंत.

तुझा धाकटा झील,
नारायण