भिंतीवरचं बटन

४ नोव्हें.
टीव्ही सुरू व्हायला पावणेचार मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं. आधी कंपनीचं नाव, मग काळोख, मग परत नाव. रिमोट दाबावा, चहा ढवळावा, तेव्हा कुठे पडद्यावरचा पुढचा चौकोन हलतो. मोतीबिंदूमुळे मामाजींना मोबाइलवरचं दिसत नाही, मोठा पडदाच लागतो.
‘सूनबाई, हा टीव्ही होय का म्हातारा बैल? उठूनच नाही राह्यला.’
तीन वर्षांचा आहे.

७ नोव्हें.
गुड्डीची खो-खोची पहिली मॅच, लाइव्ह. लेक पहिल्याच तुकडीत. टीव्ही उघडेस्तोवर पळून, बाद होऊन बाकावर पाणी पीत होती. मागचं परत दाखवत नाहीत.
‘कोनती गुड्डी?’
‘थे बसलेली, मामाजी.’
नंतर तिचा फोन. ‘आबा, पाह्यलं का?’
‘पाह्यलं ना. मस्त पळली.’
माझ्याकडे न बघता म्हणाले. वाईट वाटलं.

९ नोव्हें.
पवनीहून टीव्हीवाला आला. नको ती अ‍ॅप काढली. थोडा फरक. जाताना म्हणाला, ‘टीव्ही चांगला आहे. रोज भिंतीवरून बटन बंद करता, म्हनून रोज पहिल्यापासून सुरू होते. रिमोटनंच झोपवत जा.’
मामाजी देवळात होते, बरं झालं.

१० नोव्हें.
बटनं मामाजीच बंद करतात. टीव्ही, पंखा, चार्जर. तीस वर्षं खाणीत वायरमन. काम संपलं की स्विच बंद, वर कुलूप. एकदा कोणीतरी विसरलं आणि त्यांचे जोडीदार रामदासकाका पंपाला हात लावून जागीच गेले. कोण विसरलं, ते घरात कधी निघालं नाही.
सु.ला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग. तो धान कापायच्या गडबडीत. ‘तूच सांग. मी बोललो का भांडन होते.’ नवरा म्हणून हुशार आहे.

१२ नोव्हें.
बटनावर चिकटपट्टी लावली. चहा आणेपर्यंत चिकटपट्टीची घडी टेबलावर, बटन बंद. मग सांगितलंच.
‘लाल लाइटच तेवढा राह्यते, मामाजी.’
‘लाइट आहे म्हंजे करंट आहे.’
जेवले नाहीत नीट.

१५ नोव्हें.
फायनल चारला. सकाळी उठले तर बटन चालू, लाल दिवा लागलेला आणि मामाजी खुर्ची ओढून शेजारी. देवळात गेले नाहीत. ताट तिथंच मागितलं.
‘चालू ठेवलं तं जवळ मानूस पाह्यजे.’
दुपारी, मी भांडी उचलताना, ‘त्या दिवशी मीच इसरलो होतो. रामदासच्या टायमाले.’
भांडी तशीच हातात.
चारला रिमोट दाबला. चित्र लगेच. गुड्डी मैदानात, वेणी खोचलेली. चांगली टिकली. मी ओरडले. मामाजी भिंतीवरच्या बटनाकडे बघत होते.
‘आबा, पाह्यलं का?’ फोन आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.
मॅच संपून तास झाला. टीव्ही मी रिमोटनं बंद केला. बटन अजून चालू आहे. मामाजी खुर्चीतून उठलेले नाहीत.