भट्टी, वही आणि आत्याचा निवाडा

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादावरचा माझा दावा आज न्यायाधीशांनी थांबवला. दादाच्या वकिलाने आमच्या भागीदारीचा करार पुढे केला. वाद झाला तर निवाडा आत्याने करायचा आणि तो दोघांनी मानायचा, असं त्यात आहे. न्यायाधीश म्हणाले, असं लिहून दिलंय तर आधी तिकडे जा. ते कलम माझ्याच हट्टाने घातलं होतं, आठवतं? दादा तेव्हा केवढा कुरकुरला होता!

त्याने भट्टीच्या खोलीचं कुलूप बदललंय. मातीच्या भांड्यांना द्यायच्या झिलईची माझी वही आतच राहिली. बावीस वर्षांची मोजमापं आहेत गं त्यात. मला भट्टी आणि वही हवी. दुकान त्याला लखलाभ. खरं सांगू? कोर्टाच्या जिन्यात मी हसत सुटले. निवाडा तुझ्याकडे नेऊन त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलाय.

गुडघा जप. माया आहेच, ती राहू दे.
तुझी छोटी

९ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी अकराला इकडे ये, दादालाही घरी थांबायला सांगितलंय. न्यायाधीशीण व्हायचं म्हणून चष्म्याची काच बदलून घेतली. भांडायचं नाही, सांगून ठेवते.

तुझी आत्या

१७ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा मुद्देसूद बोललीस. दादाची अगदी ततपप झाली. वाळलीस मात्र फार.

निवाडा सोबत आहे. भट्टी दादाला दिली. वहीही त्यालाच, वहीवाचून भट्टीचं तो काय करणार? सगळं तुझ्या हातचं आहे, हे मी त्यात स्पष्ट लिहिलंय. पण तू पुन्हा उभं करशील. त्याला काहीच येत नाही गं, भट्टी गेली तर तो उघड्यावर पडेल. आणि मीही त्याच्याच घरात राहते. तुम्ही लहान असताना तुझ्या वाटणीतली आंब्याची एक फोड मी त्याला सरकवायचे. तुला दिसायचं, पण कधी बोलली नाहीस. तेवढ्याच भरवशावर हे केलं.

वकील म्हणाले, आता कोर्टही यात सहसा हात घालणार नाही. सुटलो बाई सगळे.

एक काम होतं. निळ्या झिलईच्या पानावरचं तुझं अक्षर दादाला लागत नाही. रविवारी येऊन तेवढं वाचून दाखव. राग धरू नकोस.

तुझी आत्या